शिक्षिकेची रजा : दिवस कोणी ठरवावा?

तमिळनाडूतील एका सरकारी शाळेतील शिक्षिकेस बाळंतपणाची रजा नाकारणारा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ मे २०२५ रोजी रद्द ठरविला, हे वर्तमान आमच्या वाचकांस स्मरत असेल. सदर बाईंस पहिल्या विवाहापासून दोन अपत्ये होती. तो विवाह मोडल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला व त्या पुन्हा गरोदर राहिल्या. दोन अपत्ये हयात असलेल्या स्त्रीस ही रजा नाही, या राज्याच्या नियमावर बोट ठेवून त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने सांगितले की, ही रजा स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचाच एक भाग असून त्या हक्कांचे मूळ जीविताच्या व प्रतिष्ठेच्या घटनादत्त हक्कात आहे. रजा द्यावी की न द्यावी, या जुन्या वादाचा निकाल अशा रीतीने पुष्कळ अंशी लागला आहे. परंतु रजा मिळणार हे ठरले म्हणजे सारे ठरले असे नाही. ती कोणत्या दिवसापासून घ्यावी, आणि तो दिवस कोणी ठरवावा, हा दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. दिसण्यात तो लहान आहे. परंतु आमच्या मते मातेचे व बालकाचे हित पहिल्या प्रश्नापेक्षा या दुसऱ्यातच अधिक गुंतलेले आहे.

या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे आमच्या व्यापारी वाचकांपैकी कोणी विचारील. त्यांस आमचे उत्तर असे की, गावोगावच्या शिक्षणसंस्थांच्या कार्यकारी मंडळांवर आपणच बसता. आपल्याच सुना-लेकी शाळांतून शिकवीत असतात, आणि आपलीच नातवंडे त्या शाळांच्या बाकांवर बसून शिकत असतात. तेव्हा हा विषय शिक्षकांच्या खोलीतील कुजबुजीवर सोडून देण्याजोगा खचित नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा, त्यावरील २०१७ ची दुरुस्ती, आणि त्याच तरतुदी सामावून घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेली २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, यांचे सार असे : पात्र स्त्रीस २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पैकी अपेक्षित प्रसूतीच्या दिवसापूर्वी ८ आठवड्यांहून अधिक रजा घेता येत नाही. दोन अपत्ये हयात असल्यास रजा १२ आठवडे, आणि प्रसूतीपूर्वीचा भाग ६ आठवडे. प्रसूतीनंतरचे पहिले ६ आठवडे मात्र तिला कामावर ठेवण्यास मालकास मनाई आहे. तेथे तिची संमतीही चालत नाही. पात्रतेसाठी मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले म्हणजे पुरे. सरकारी सेवेतील स्त्रियांस त्यांच्या सेवानियमांप्रमाणे १८० दिवस मिळतात, आणि खाजगी शाळांतील शिक्षिकांस महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम व त्याखालील १९८१ ची नियमावली लागू आहे. कलमे निरनिराळी असली तरी हिशेबाची रीत सर्वत्र बहुतेक एकच आहे.

तो हिशेब व्यापाऱ्यास लगेच उमगेल. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, ही एकूण शिल्लक. प्रसूतीपूर्वी ८ आठवडे खर्च केले तर ५६ दिवस गेले व १२६ उरले. म्हणजे बाळ चार महिन्यांचे झाले न झाले तोच आईने फळ्यासमोर उभे राहावयाचे. उलट, अगदी आदल्या दिवसापर्यंत शाळेत गेल्यास बाळाच्या वाट्यास पुरे सहा महिने येतात. पहिले सहा महिने बालकास केवळ मातेचे दूध द्यावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे. तेव्हा आधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळाच्या दुधातून वजा होतो, ही गोष्ट शिक्षिका क्षणभरही विसरत नाही. पाय सुजले, पाठ धरली, तरी ती ‘अजून आठच दिवस’ म्हणून रेटते, याचे कारण हौस नव्हे. हे गणित होय.

शिक्षिकेच्या बाबतीत या गणितात आणखी एक आकडा मिसळतो, तो शाळेच्या पंचांगाचा. प्रसूती १ मे रोजी अपेक्षित आहे असे समजा. आठ आठवडे आधी, म्हणजे ६ मार्चला रजा सुरू केल्यास ती ३ सप्टेंबरला संपते. ३० एप्रिलपर्यंत काम केल्यास ती २९ ऑक्टोबरपर्यंत पुरते. दोन्ही प्रकारांत उन्हाळ्याची सुटी रजेतच बुडते. कारण ही रजा सलग आठवड्यांनी मोजावयाची असते, कामाच्या दिवसांनी नव्हे. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, असे सर्वोच्च न्यायालयाने एका मळ्यातील कामगार स्त्रीच्या प्रकरणी १९७७ सालीच ठरविले आहे. त्या निकालाने रविवारचा मोबदला स्त्रीच्या पदरात पडला हे खरे. परंतु सुटीचे दिवस रजेत मोजले जातात हेही त्यावरून समजून घ्यावे. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, एप्रिलमध्ये वार्षिक निकाल, जूनमध्ये नवे वर्ग : यांपैकी ज्याच्या आड बाळंतपण येईल त्याचा दोष बाईंच्या माथी मारला जातो. जणू काही बाळाने जन्मण्यापूर्वी शाळेचे वेळापत्रक पाहून घ्यावयास हवे होते!

वस्तुतः जन्माचा दिवस कोणाच्याच हाती नाही. शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून वैद्य जी तारीख देतात ती एक अंदाज असते. त्या नेमक्या तारखेस शंभरांत चार-पाचच बालके जन्मास येतात. ३७ व्या आठवड्यानंतर केव्हाही पूर्ण दिवसांचे बाळंतपण होऊ शकते, आणि त्यापूर्वीही पुष्कळ वेळा होते. म्हणून ‘अमुक तारखेपर्यंत मी येईनच’ असे वचन मुख्याध्यापकांनी मागू नये व शिक्षिकेने देऊ नये. रक्तदाब वाढला, रक्तस्राव दिसला, चेहरा व हात सुजले, डोके असह्य दुखू लागले, अथवा बाळाची हालचाल मंदावली, तर त्याच क्षणी सारे हिशेब गुंडाळून रुग्णालय गाठावे. गरोदरपणातून अथवा प्रसूतीतून उद्भवलेल्या आजारासाठी, वैद्यकीय दाखला दिल्यास, आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. पुष्कळ शिक्षिकांस ती ठाऊकच नसते. ज्यास लेकराची शिल्लक वाचविण्यासाठी आपला जीव गहाण टाकावासा वाटतो, त्याने आधी हे कलम वाचावे.

तेव्हा दिवस कोणी ठरवावा? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. मालकास द्यावयाच्या लेखी सूचनेत आपण कोणत्या दिवसापासून कामावर येणार नाही हे त्या स्त्रीनेच लिहावयाचे असते. लेखणी कायद्याने तिच्या हाती दिली आहे, मुख्याध्यापकांच्या नव्हे. शिवाय, अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या ६ आठवड्यांच्या अगोदरचा एक महिना, आणि त्या ६ आठवड्यांतही ती कामावर असेल ते दिवस, तिने मागणी केल्यास कष्टाचे अथवा फार वेळ उभे राहावे लागेल असे काम तिला सांगता येत नाही. आता शाळेत फार वेळ उभे राहणे याहून दुसरे काम ते कोणते? यास्तव वर्गात खुर्ची ठेवणे, तळमजल्यावरचा वर्ग देणे, मैदानावरील कवायत व जिन्यावरील देखरेख काढून घेणे, ही मेहेरबानी नसून कायद्याची अंमलबजावणी आहे. परंतु आमच्या किती शाळांत ही मागणी करण्याचे धैर्य शिक्षिकेस होते, आणि किती शाळांत ती हसण्यावारी नेली जाते, हे वाचकांनी आपल्या घरच्या शिक्षिकेसच विचारून पाहावे.

हा दिवस वरिष्ठांच्या हाती दिल्यास काय होते, याचा दाखला अमेरिकेत सापडतो. ओहायो संस्थानातील क्लीव्हलंड शहराच्या शाळामंडळाचा असा नियम होता की, गरोदर शिक्षिकेने प्रसूतीच्या पाच महिने आधी बिनपगारी रजेवर गेलेच पाहिजे, आणि मूल तीन महिन्यांचे झाल्यानंतर जे सत्र सुरू होईल तोपर्यंत परत येता कामा नये. व्हर्जिनियातील एका परगण्यात हीच मर्यादा चार महिन्यांची होती. शिक्षणात खंड पडू नये, असे कारण मंडळ सांगे. गरोदर बाई मुलांच्या दृष्टीस पडू नये ही त्यामागची जुनी लाजही लपून राहिली नव्हती. १९७४ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हे नियम घटनाबाह्य ठरविले. न्यायालयाने दाखवून दिले की, सर्व स्त्रियांस एकच तारीख लावल्याने खंड टळत नाही, उलट पडतो. कारण ज्या शिक्षिकेस सत्र संपेपर्यंत काम करण्याची शक्ती व इच्छा आहे, तिलाही सत्राच्या मध्येच उठवावे लागते. शिवाय कोणती स्त्री किती दिवस काम करू शकेल हे प्रत्येकीचे वेगळे असून ते तिने व तिच्या वैद्याने पाहावयाचे आहे.

तेथे शिक्षिकेस लवकर घरी बसविण्याची जुलूमशाही होती. आमच्याकडे तिला उशिरापर्यंत उभी ठेवण्याची आहे. दिशा उलट असली तरी दोहोंचे मूळ एकच : शरीर तिचे, आणि तारीख दुसऱ्याची.

येथे तीन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करणे अवश्य आहे. पहिला असा की, आमच्या आज्या-पणज्या शेतात राबत राबत बाळंत होत, मग या शिकलेल्या बायांसच एवढे कौतुक कशाला? यावर आम्ही इतकेच म्हणतो की, ज्या आज्या वाचल्या त्यांच्या कथा आपण ऐकतो. ज्या गेल्या त्यांच्या कथा सांगण्यास कोणी उरले नाही. हिंदुस्थानात दर लाख जिवंत जन्मांमागे १९९७-९८ मध्ये ३९८ माता मरत. २०१८-२० मध्ये तो आकडा ९७ वर आला, आणि महाराष्ट्रात ३३ वर. दवाखान्यातील बाळंतपण, वेळेवर तपासणी, औषध व विश्रांती यांच्या योगाने ही घट झाली, जुन्या काळाच्या गोडव्यांनी नव्हे.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांच्या नुकसानीचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. साठपर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे प्रमाण आहे. अशा दोन-शिक्षकी शाळेतील एक बाई सहा महिने नसल्या म्हणजे शाळेचा अर्धा भाग बंद पडतो. परंतु हा दोष रजेचा की योजनेचा? बाळंतपण हे भूकंपासारखे अवचित येणारे संकट नव्हे. ते चार-पाच महिने अगोदर कळते. इतकी आगाऊ सूचना तर बदलीची अथवा निवृत्तीचीही कित्येकदा मिळत नाही. मग त्या मुदतीत बदली शिक्षकाची तजवीज का होऊ नये? तालुक्याच्या ठिकाणी, अथवा शहरातील पाच-दहा संस्थांनी मिळून, पात्र बदली शिक्षकांची यादी तयार ठेवावी. ज्या शिक्षिकेची रजा ठरली तिच्या वर्गात नवा शिक्षक आठ-दहा दिवस आधी येऊन बसावा, अभ्यासक्रम कोठवर झाला आहे ते त्याने समजून घ्यावे, आणि मगच बाईंनी निरोप घ्यावा. ज्या शाळेत ही सोय आहे तेथे शिक्षिका निर्धास्तपणे योग्य दिवशी जाते. जेथे ती नाही, तेथे आपल्या मागे मुलांचे हाल होतील या जाणिवेनेच ती शेवटच्या दिवसापर्यंत फरपटत येते. अर्थात संस्थेची कसूर झाकली जाते ती तिच्या कर्तव्यबुद्धीच्या जोरावर!

तिसरा आक्षेप पैशाचा. रजेवरील शिक्षिकेस पगार, आणि वर बदली शिक्षकास मेहनताना, असा दुहेरी खर्च अनुदान नसलेल्या लहान संस्थेने कोठून सोसावा? या तक्रारीत तथ्य आहे, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी-कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या बिलावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला, आणि हे कार्य लोकहिताचे असल्याने त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, तथापि मालकही त्यातून सुटत नाही, असे प्रतिपादन केले. त्या बिलाचा १९२९ मध्ये कायदा झाला. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनेही १९१९ च्या पहिल्याच प्रसूतीविषयक करारात हा लाभ सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून द्यावा असे म्हटले होते. परंतु आमच्या कायद्याने राज्य कर्मचारी विमा योजनेबाहेरील स्त्रियांचा सारा भार एकट्या मालकाच्या शिरावर ठेवला. परिणाम असा की, काही संस्थाचालक मुलाखतीतच नवविवाहित मुलीकडे संशयाने पाहतात. खर्च सर्व समाजाने वाटून घ्यावा, असा कायदा व्हावा म्हणून संस्थाचालकांनी सरकारकडे अवश्य मागणी करावी. आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. परंतु तो होईपर्यंत कायद्याने सांगितलेले देणे एका गरोदर बाईच्या दिवसांतून कापून घेणे, हा न्याय नव्हे. व्यापारात ज्याची हुंडी त्याने पटवावी, हीच आपली रीत आहे ना?

सर्वांत वाईट स्थिती कंत्राटी व तासिका तत्त्वावरील शिक्षिकेची. जूनला नेमणूक, एप्रिलला मुक्तता, पुन्हा जूनला नवा कागद, असा व्यवहार अनेक ठिकाणी चालतो. तिला मे महिन्यात बाळंतपण येणार असेल तर रजा मागण्यापूर्वीच नोकरीची मुदत संपते. आणि ऑगस्टमध्ये येणार असेल तर जूनचा कागदच मिळत नाही. कायद्याचे नाव सोनूबाई, आणि हाती कथलाचा वाळा! अशी बाई आपली गरोदर अवस्था पदरामागे झाकून वर्ग घेते, तपासणीसाठी जाण्यासही बिचकते. तिने हे ध्यानात ठेवावे की, रोजंदारीवरील स्त्रियांसही हा लाभ मिळाला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या प्रकरणी २००० साली सांगितले; आणि पात्र झालेल्या कंत्राटी स्त्रीचा लाभ कंत्राटाची मुदत संपली म्हणून तुटत नाही, असे एका डॉक्टर बाईंच्या प्रकरणी २०२३ मध्ये स्पष्ट केले. केरळ सरकारने तर २०२० साली खाजगी शिक्षणसंस्थांतील शिक्षिका व इतर स्त्री-नोकर यांस १९६१ च्या कायद्याच्या कक्षेत आणले. परंतु अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने ज्या बाईस पुढच्या जूनची भीती आहे ती निकालपत्र घेऊन कोणाच्या दारी जाणार? तिच्यासाठी शिक्षक-संघटनांनी, आणि संघटना झोपल्या असतील तर पालकांनी, बोलले पाहिजे.

शिक्षिका भगिनींसही आमचे चार शब्द सांगणे आहे. रजेचा दिवस ठरविताना प्रथम वैद्यास विचारा, मग शरीरास, आणि त्यानंतर पंचांगास. हा क्रम उलटा करू नका. येण्याजाण्याचा प्रवास किती, जिने किती, तास किती, हे वैद्यास तपशिलाने सांगा. कारण दोन मैल चालत शाळेत जाणारीस व दोन तास आगगाडीत उभी राहणारीस एकच सल्ला लागू पडत नाही. वर्गात कांजिण्या अथवा रुबेलाची साथ आली तर तत्काळ वैद्यास कळवा. हे रोग गर्भास अपायकारक ठरू शकतात, म्हणून लस झाली आहे की नाही याची चौकशी गरोदरपणापूर्वीच करून ठेवावी. सुट्या कशा मोजणार, हे कार्यालयाकडून आधी लेखी घ्या. सूचना लेखी द्या व तिची पोच ठेवा. प्रसूतीपूर्वीच्या रजेचा पगार आगाऊ, आणि उरलेला प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत मिळावा असा नियम आहे. तो मागण्यात संकोच करू नका. आणि ज्या दिवशी शरीर ‘पुरे’ म्हणेल त्या दिवशी थांबा.

पुण्यात भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा निघाली, तेव्हा स्त्रीने शिकवावे की नाही हाच वाद होता. इंग्लंडात तर लग्न झालेल्या शिक्षिकेस नोकरीबाहेर घालविण्याची चाल १९४४ च्या शिक्षणकायद्याने बंद झाली. स्त्री शिकवू शकते, विवाहित स्त्री शिकवू शकते, माता शिकवू शकते, या तीन पायऱ्या समाज कुरकुरत का होईना चढला आहे. आता चौथी पायरी एवढीच की, शिकवता शिकवता माता होणाऱ्या स्त्रीस आपला दिवस आपण ठरवू द्यावा, आणि तो ठरविताना तिला ना पगाराची, ना जूनच्या कागदाची, ना मागे राहणाऱ्या मुलांची भीती असावी. नव्या वर्षाचे वेळापत्रक आखताना प्रत्येक संस्थेच्या मंडळाने बदली शिक्षकाची तरतूद खर्चाच्या पत्रकात पहिल्या ओळींत लिहावी, आणि पालकसभेत कोणी तरी उठून ‘ती ओळ कोठे आहे?’ असे विचारावे. एवढे झाले तरी या वर्षी काही माता व काही बालके अनावश्यक धोक्यातून वाचतील. आणि त्याहून स्वस्त पुण्य कोणत्याही बाजारात मिळत असेल असे आम्हांस वाटत नाही.